३७ अंशांवर जीवाणू पोहायचं का थांबवतो?

खाण्याच्या तयार पदार्थात लिस्टेरिया सापडला आणि सगळा माल बाजारातून परत मागवला, अशी बातमी दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या देशातून येते. ती वाचून अनेकांना पडणारा प्रश्न अगदी रास्त आहे. लिस्टेरिया मातीत असतो, सांडपाण्यात असतो, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात असतो. तो आपल्या पोटात अधूनमधून जातच असणार. मग एरवी काही न करणारा हा जीवाणू एखाद्याच्या रक्तापर्यंत, मेंदूपर्यंत किंवा गर्भापर्यंत कसा पोहोचतो?

माणसाची प्रतिकारशक्ती किती आणि जीवाणू किती संख्येने पोटात गेले, हे उत्तराचे दोन भाग सगळ्यांना ठाऊक असतात. तिसऱ्या भागाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. जीवाणूकडे कोणती हत्यारं आहेत एवढं माहीत असून भागत नाही. ती तो केव्हा बाहेर काढतो आणि केव्हा म्यानात ठेवतो, हेही पाहावं लागतं. गेल्या तीसेक वर्षांत या 'केव्हा'चा बराच उलगडा झाला आहे, आणि माझ्या मते सूक्ष्मजीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

दोन नळ्या

सुरुवात प्रयोगशाळेतल्या एका जुन्या, साध्या चाचणीपासून करू. काचेच्या दोन नळ्यांत मऊसर अगार भरलेलं असतं, थरथरणाऱ्या जेलीइतकं सैल. सरळ तारेच्या टोकावर लिस्टेरिया घेऊन ती तार दोन्ही नळ्यांत मधोमध खुपसायची. एक नळी २५ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि दुसरी ३७ अंशांच्या, म्हणजे आपल्या शरीराइतक्या उबेच्या, उबवणी कपाटात.

एक-दोन दिवसांनी पाहिलं तर २५ अंशांच्या नळीत पृष्ठभागाच्या किंचित खाली धुक्याची छत्री उघडलेली दिसते. तारेच्या वाटेपासून जीवाणू पोहत पोहत चहूकडे गेलेले असतात. छत्री थोडी खाली असते, कारण अगदी वरचा भरपूर प्राणवायू त्यांना तितकासा मानवत नाही. ३७ अंशांच्या नळीत छत्री नसते. तार जिथून गेली तिथे एक पांढुरकी रेघ असते, बस्स. जीवाणू मेलेले नसतात, उलट चांगले वाढलेले असतात. फक्त जागचे हललेले नसतात.

दोन्ही नळ्यांत एकाच वसाहतीतले, एकाच आनुवंशिक मजकुराचे जीवाणू आहेत. फरक फक्त तापमानाचा. विद्यार्थ्यांच्या हातात या दोन नळ्या शेजारी शेजारी दिल्या की जनुक चालू आणि बंद होणं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जनुक असणं आणि जनुक चालू असणं

जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची लिहिलेली सूचना. लिस्टेरियाच्या एका प्रसिद्ध वाणाचा संपूर्ण आनुवंशिक मजकूर २००१ मध्ये वाचून झाला. तो सुमारे २९ लाख अक्षरांचा आहे आणि त्यात साधारण २,८५० जनुकं आहेत. ही सगळी जनुकं एकाच वेळी कामाला लागलेली नसतात. घरात प्रत्येक खोलीत दिवा असतो, पण आपण ज्या खोलीत आहोत तिथलाच लावतो. तसंच हे.

जीवाणू असे दिवे लावतात आणि विझवतात, हे फ्रान्समधल्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये ई. कोलाय या जीवाणूवर काम करून मांडलं. दुधातली साखर समोर असेल तरच ती पचवणारी प्रथिनं तो बनवतो, एरवी त्या जनुकांवर एक रोधक प्रथिन बसून असतं. १९६५ मध्ये त्यांना, आंद्रे ल्वॉफ यांच्याबरोबर, नोबेल पारितोषिक मिळालं. तिथे प्रश्न साखर खाण्याचा होता. आपल्याला बोलायचं आहे ते पोहण्याबद्दल आणि रोगकारकतेबद्दल. रोगकारकता म्हणजे शरीरात शिरून, तग धरून नुकसान करण्याची क्षमता. ती हो-नाहीत सांगता येत नाही, कमी-जास्त असते.

शेपूट बांधणं म्हणजे मोठं बांधकाम

जीवाणू ज्याने पोहतात त्या अवयवाला कशाभिका म्हणतात. शब्दावरून चाबूक डोळ्यांसमोर येतो, पण ती चाबकासारखी मारली जात नाही, ती फिरते. मुळाशी खरोखरची मोटर असते. पेशीच्या बाहेरून आत शिरणाऱ्या हायड्रोजनच्या धनभारित कणांच्या प्रवाहावर ती चालते आणि सेकंदाला दोनशे-तीनशे फेरे घेऊ शकते. तिच्या जोरावर अन्नातून विषबाधा घडवणारा, जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचा साल्मोनेला हा जीवाणू सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर सहज कापतो.

या यंत्राला खर्चही तसाच येतो. साल्मोनेलाची पन्नासहून जास्त जनुकं या एका कामावर असतात. बाहेर दिसणारा लांब धागा फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि एका धाग्यात त्याच्या सुमारे २०,००० प्रती लागतात. धागा आतून पोकळ असतो. नवी प्रत त्या पोकळीतून सरकत टोकापर्यंत जाते आणि तिथे जोडली जाते, म्हणजे शेपूट मुळाकडून न वाढता टोकाकडून वाढतं.

मुळाची मोटर आणि तिला धाग्याशी जोडणारा आकडा (हुक) तयार नसताना धाग्याचा माल बनवला, तर तो वाया जाणार. पाया झालेला नसताना छपराचे पत्रे आणून टाकण्यासारखं ते होईल. मग पाया झाल्याचं जीवाणूला कळतं कसं? साल्मोनेलाने काढलेली युक्ती १९९३ मध्ये उलगडली. धाग्याची जनुकं चालू करणारा एक मुकादम असतो. तो प्रथिनच असतो, पण सोयीसाठी मुकादम म्हणू. त्याला एका दुसऱ्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. या धरणाऱ्याला पहारेकरी म्हणू. मोटरीच्या मध्यातून माल बाहेर पाठवणारं दार असतं. आकडा अपुरा असेपर्यंत ते दार फक्त आकड्याचा माल सोडतं. आकडा ठरावीक लांबीचा, म्हणजे सुमारे ५५ नॅनोमीटरचा झाला की दार आपली निवड बदलतं आणि मग पहारेकरी स्वतःच त्या दारातून पेशीबाहेर फेकला जातो. मुकादम मोकळा होतो आणि फ्लॅजेलिनचं उत्पादन सुरू होतं.

बांधकाम पूर्ण झाल्याची खबर दुसऱ्या कुणी आणून द्यावी लागत नाही. अडवणाराच नव्या दारातून बाहेर जातो, आणि त्याचं जाणं हीच खबर. इतक्या कमी सामग्रीत इतकी नेमकी व्यवस्था मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

मग हे महागडं शेपूट टाकून का द्यायचं?

एक कारण खर्चाचं, पण त्याहून मोठं कारण पकडलं जाण्याचं आहे. आपल्या पेशींवर, विशेषतः आतड्याच्या अस्तरात आणि रोगप्रतिकारक पेशींत, ठरावीक परक्या वस्तू ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यांतला टीएलआर-५ नावाचा ग्राहक फ्लॅजेलिन ओळखतो, हे २००१ मध्ये सिद्ध झालं. फ्लॅजेलिनचा जो भाग तो ओळखतो तो शेपटाच्या घडणीसाठी इतका आवश्यक आहे की बहुतेक जीवाणूंना तो बदलता येत नाही. पेशीच्या आतही फ्लॅजेलिन ओळखणारी वेगळी यंत्रणा आहे. ती जागी झाली तर आपली पेशी स्वतःला फोडून टाकते आणि आत लपलेला जीवाणू उघडा पडतो.

म्हणजे शेपूट बाहेर उपयोगाचं असतं आणि आत चहाडी करतं. आतड्यातल्या चिकट श्लेष्मातून वाट काढत पेशीपर्यंत पोहोचायला ते हवंच असतं. पोहोचल्यावर ते अंगावर ठेवणं धोक्याचं. म्हणूनच पोहणं बंद करणारं बटण आणि हल्ल्याचं बटण अनेक जीवाणूंत एकमेकांना बांधलेली आढळतात. साल्मोनेला आपल्या पेशीत शिरला की आतली आम्लता आणि मॅग्नेशियमची चणचण यांवरून जागा ओळखतो, पेशीत तग धरण्याची जनुकं चालू करतो आणि फ्लॅजेलिन बनवणं थांबवतो.

लिस्टेरियाचे दोन थर्मामीटर

आता त्या ३७ अंशांच्या नळीकडे परत येऊ. लिस्टेरियात तापमान मोजणाऱ्या निदान दोन वेगवेगळ्या युक्त्या आहेत. एक पोहण्यासाठी आहे आणि दुसरी हल्ल्यासाठी.

पोहण्याच्या जनुकांवर एक रोधक प्रथिन कुलपासारखं बसतं. हे कुलूप थंडीतही असतं आणि उबेतही. थंडीत त्याला एक किल्ली मिळते. हे दुसरं प्रथिन कुलपाला घट्ट बिलगतं आणि जनुकांवरून त्याला उचलून बाजूला घेतं. मग जनुकं मोकळी होतात, शेपटं बनतात आणि अगारमध्ये छत्री उघडते. तापमान ३७ अंशांकडे गेलं की किल्लीचा आकारच बिघडतो, कुलपावरची तिची पकड सुटते आणि कुलूप पुन्हा जनुकांवर जाऊन बसतं. थोडक्यात, ही किल्लीच थर्मामीटर आहे. जनुकांत फेरफार करून हे कुलूपच काढून टाकलेले लिस्टेरिया उबेतही फ्लॅजेलिन बनवत राहतात आणि उंदरांमध्ये कमी घातक ठरतात. एक गोष्ट इथेच सांगायला हवी. निसर्गात सापडणारे सगळे लिस्टेरिया इतके शिस्तीचे नसतात. काही वाण ३७ अंशांनाही थोडंफार फ्लॅजेलिन बनवताना दिसतात.

दुसरा थर्मामीटर प्रथिनाचा नाही, आरएनएचा आहे. जनुकावरून प्रथिन बनवताना आधी कामापुरती एक प्रत काढली जाते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. रायबोसोम नावाचं यंत्र त्या प्रतीला एका ठरावीक जागी पकडतं आणि तिथून वाचायला सुरुवात करतं. लिस्टेरियाच्या रोगकारक जनुकांचा मुख्य नियंत्रक म्हणजे पीआरएफए हे प्रथिन. त्याच्या संदेशाच्या सुरुवातीचा तुकडा थंडीत स्वतःवरच दुमडून बसतो. जाकिटाची चेन लावलेली असावी तसे त्याचे दोन काठ एकमेकांत अडकतात आणि रायबोसोमची पकडायची जागा आत झाकली जाते. संदेश लिहिलेला आहे, पण वाचता येत नाही. ३७ अंशांच्या उबेत ती चेन उसवते, जागा उघडी पडते आणि वाचन सुरू होतं.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या पास्काल कोसार यांच्या गटाने २००२ मध्ये हे दाखवलं. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. हा चेनवाला तुकडा कापून त्यांनी हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापुढे जोडला आणि ते सगळं ई. कोलायमध्ये घातलं. ई. कोलायचा लिस्टेरियाशी काही संबंध नाही. तरीही ३७ अंशांना वाढवलेले ई. कोलाय हिरवे चमकले आणि ३० अंशांचे चमकले नाहीत. म्हणजे लिस्टेरियाच्या बाकी कुठल्याही यंत्रणेची गरज नव्हती, आरएनएचा तो तुकडाच तापमान मोजत होता.

तरीही नुसती ऊब मिळाल्याने लिस्टेरिया पूर्ण जागा होत नाही. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात तसं इथे आहे. चेन उघडून पीआरएफए तयार झालं, तरी ते पूर्ण ताकदीने काम करतं ते ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्याला चिकटला तरच. आपल्या पेशींच्या आत ग्लुटाथायोन मुबलक असतं. २०१५ मध्ये हा दुवा सापडला. उलट कुजणाऱ्या वनस्पतींतून मिळणारी सेलोबायोज ही साखर समोर असेल तर पीआरएफएचं काम मंदावतं. ऊब आणि ग्लुटाथायोन म्हणजे प्राण्याच्या पेशीचा पत्ता, आणि सेलोबायोज म्हणजे मातीचा.

पोहणं थांबलं, पण प्रवास थांबला नाही

आता थोडी गुंतागुंत. लिस्टेरियाचं शेपूट बंद होतं त्या सुमारास तो फिरण्याचं दुसरं साधन मिळवतो, आणि ते आपल्याच पेशीच्या सामानातून.

पेशीत शिरताना तो आधी एका पिशवीत अडकतो. पीआरएफएच्या हुकमाने बनलेलं एक प्रथिन त्या पिशवीला भोकं पाडतं. हे प्रथिन पिशवीतल्या आम्लात जोमाने चालतं आणि बाहेरच्या उदासीन द्रवात बरंच मवाळ होतं, म्हणून पिशवी फुटते पण पेशी लगेच मरत नाही. घर सुरक्षित ठेवून फक्त कोठडी फोडण्याचा हा प्रकार. मग पीआरएफएच्याच हुकमाने ॲक्टा नावाचं प्रथिन जीवाणूच्या एका टोकाला गोळा होतं. आपल्या पेशीत ॲक्टिन नावाचे धागे असतात, पेशीचा आकार आणि हालचाल त्यांच्यावर चालते. ॲक्टा त्या धाग्यांची बांधणी जीवाणूच्या मागे सुरू करून देतो. धागे वाढत जातात आणि जीवाणूला पुढे ढकलतात. सूक्ष्मदर्शकात जीवाणूमागे धूमकेतूसारखं शेपूट दिसतं. वेग पोहण्याच्या मानाने फारच कमी, मिनिटाला शरीराच्या काही पट एवढाच, पण त्या रेट्यात तो पेशीची भिंत फुगवत थेट शेजारच्या पेशीत घुसतो. लुइस टिल्नी आणि डॅनियल पोर्टनॉय यांनी १९८९ मध्ये हा प्रवास चित्रांसह मांडला.

पेशीतून पेशीत जाताना लिस्टेरिया रक्तातल्या प्रतिपिंडांच्या समोरच येत नाही. त्याला रोखण्याचं काम मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर पडतं. ही ताकद कमी पडणाऱ्या गर्भवतींना, वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा आजार इतका जड का जातो, त्याचं एक मोठं कारण इथे आहे. गर्भवतीला स्वतःला थोडा ताप, अंगदुखी एवढंच जाणवतं आणि तरी जीवाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचलेला असू शकतो. शरीरभर पसरलेल्या लिस्टेरिया संसर्गात साधारण पाचांपैकी एक किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावतात. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसपदार्थातून पसरलेल्या साथीत १,००० हून जास्त लोक आजारी पडले आणि २०० हून जास्त दगावले. त्यांत नवजात बाळांची संख्या मोठी होती. खाल्ल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात, म्हणून मूळ पदार्थ शोधायलाही वेळ लागतो.

सगळेच जीवाणू असं करतात का?

नाही, आणि इथेच एका जीवाणूचा नियम दुसऱ्याला लावण्याची चूक होते.

साल्मोनेला ३७ अंशांना चांगला पोहतो, आतड्यात त्याला पोहायचंच असतं. त्याची खासियत कामाची वाटणी. एकाच पेशीपासून वाढलेल्या साल्मोनेलांत काहींची हल्ल्याची जनुकं चालू असतात आणि काहींची बंद. हल्ला करणाऱ्यांची वाढ मंदावते आणि त्यांतले बरेच मरतात. पण त्यांच्या हल्ल्यामुळे आतडं सुजतं, आणि सुजेत तयार होणारं टेट्राथायोनेट नावाचं संयुग प्राणवायूच्या जागी श्वसनाला वापरणं साल्मोनेलाला जमतं, आतड्यातल्या बहुतेक रहिवासी जीवाणूंना जमत नाही. २०१० मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणजे आपल्याला होणारी जळजळ आणि जुलाब हे मागे राहिलेल्या भावंडांसाठी रान मोकळं करणं असतं.

जुलाब घडवणारा कॅम्पिलोबॅक्टर वेगळ्याच वाटेने जातो. त्याच्या शेपटाच्या नियंत्रक जनुकांत काही ठिकाणी एकच अक्षर ओळीने अनेकदा येतं. एकसारखे मणी भराभर मोजताना एखादा सुटावा किंवा दोनदा मोजला जावा, तसं या जागेची नक्कल करताना एखादं अक्षर गळतं किंवा वाढतं आणि पुढची सगळी सूचना निरर्थक होते. पुढच्या एखाद्या पिढीत तशीच उलटी चूक झाली की सूचना पुन्हा वाचता येते. त्यामुळे प्रत्येक वस्तीत थोडे पोहणारे आणि थोडे न पोहणारे कायम तयार असतात. परिस्थिती बदलली की त्यांतले योग्य ते टिकतात. शिवाय त्याचं शेपूट पोहण्याबरोबर काही प्रथिनं बाहेर सोडण्याची नळी म्हणूनही काम करतं.

आणि शिगेलाला तर शेपूटच नसतं. तो ई. कोलायच्याच कुळातला आहे, शेपटाची जनुकं त्याने कधीच निकामी करून टाकली. तरी लिस्टेरियासारखाच ॲक्टिनचा धूमकेतू करून तो पेशीतून पेशीत जातो आणि फार थोड्या संख्येने रक्ती आव घडवू शकतो. तेव्हा पोहत नाही म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ कुणी काढू नये.

जाता जाता, बातम्यांत येणाऱ्या 'ओ१५७:एच७' या ई. कोलायच्या घातक वाणाच्या नावातला एच शेपटाचाच आहे. जर्मन भाषेत 'हाउख' म्हणजे फुंकर, श्वासाची वाफ. काचेवर फुंकर मारल्यावर जसा पातळ थर धरतो, तसे पोहणारे जीवाणू ताटलीभर पसरत. त्यावरून शेपटाच्या प्रथिनाला एच म्हणू लागले, आणि पसरत नसत त्यांच्यासाठी 'ओने हाउख', म्हणजे वाफेविना, यातला ओ.

जीवाणूला हे सगळं 'कळतं' का?

'ओळखतो', 'लपतो', 'युक्ती काढतो' असे शब्द मी वापरतो आहे, कारण त्यांच्याशिवाय मराठीत हे सांगणं अवघड आहे. पण चेन उसवायला मेंदू लागत नाही. ऊब वाढली की आरएनएचे कमकुवत बंध तुटतात, एवढंच घडतं. ज्या पूर्वजांत ते बंध नेमक्या आपल्या शरीराच्या तापमानाच्या आसपास तुटत होते, त्यांची प्रजा जास्त टिकली. ज्यांत मातीतच हत्यारं बाहेर येत राहिली, ते खर्चात मागे पडले. प्रयोगशाळेत पीआरएफए कायम चालू राहील असे लिस्टेरिया बनवता येतात. प्राण्यात ते अधिक घातक असतात, पण शरीराबाहेर प्रतिकूल परिस्थितीत नेहमीच्या लिस्टेरियांपुढे मागे पडतात.

थंडीत हल्ल्याचं बटण बंद असतं, मग फ्रिजमधलं अन्न सुरक्षित नाही का?

हा निष्कर्ष सरळ वाटतो आणि म्हणूनच घातक आहे. थंडीत पीआरएफएचा संदेश वाचला जात नाही हे खरं, पण लिस्टेरियाची वाढ थांबत नाही. तो शून्य अंशाच्या आसपासही वाढू शकतो. ४ अंशांना त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण दीड-दोन दिवस लागतात. पदार्थ दोन-तीन आठवडे राहिला तर हिशेब आपणच करावा. शिवाय थंडीत त्याचं शेपूट चालू असतं, आणि त्याच्या मदतीने तो कारखान्यातल्या ओल्या, थंड पृष्ठभागांवर चिकट थर धरतो. तो थर नुसत्या पाण्याने निघत नाही.

आणि बटण बंद असलेला जीवाणू पोटात गेल्यावर बंद राहत नाही. जठरातलं आम्ल आणि आतड्यातलं पित्त यांचा ताण बसला की त्याची दुसरी एक नियंत्रण यंत्रणा जागी होते आणि आतड्याच्या पेशीला पकडणारं प्रथिन वाढवते. ऊब मिळताच चेन उघडते. गिळताना अंगावर असलेलं शेपूट पेशीपर्यंत जायला उपयोगी पडलेलं असतंच.

फ्रिजमुळे साल्मोनेलाची वाढ जवळजवळ थांबते आणि कॅम्पिलोबॅक्टर वाढत नाही, म्हणून फ्रिज हवाच. पण लिस्टेरियासाठी खरा उपाय उष्णता आहे. पदार्थ आतपर्यंत ७० अंशांवर दोन मिनिटं राहिला तर तो मरतो, आणि मेलेल्या जीवाणूची बटणं कुठे आहेत याने काही फरक पडत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्यांचं गणित मात्र वेगळं. तो पोहत नाही, शरीरात शिरण्याची वाटही पाहत नाही. अन्नातच विष बनवून ठेवतो, आणि ते विष उकळल्यावरही बरंचसं टिकतं. तिथे नंतर गरम करण्यापेक्षा आधी वेळेत थंड करणं महत्त्वाचं.

तपासणीत जनुक सापडलं की धोका ठरला का?

आता साथीच्या तपासात जीवाणूचा पूर्ण आनुवंशिक मजकूर वाचला जातो. रुग्णाकडून आणि पदार्थातून मिळालेले जीवाणू एकाच वंशाचे आहेत का, हे त्यावरून नेमकं कळतं. दक्षिण आफ्रिकेत याच वाचनाने तपास योग्य पदार्थापर्यंत पोहोचला. पण मजकूर वाचणं वेगळं आणि कोणता दिवा लागला आहे ते पाहणं वेगळं. अन्नात सापडणाऱ्या अनेक लिस्टेरियांत पेशी पकडणाऱ्या प्रथिनाचं जनुक मध्येच तुटलेलं असतं आणि ते कमी घातक असतात. जनुकांची नुसती यादी केली तर तेही आरोपींत जमा होतात. तरीही तयार पदार्थात लिस्टेरिया सापडल्यावर माल परत मागवणं मला योग्यच वाटतं. तो कमकुवत वंशाचा आहे का, हे ठरेपर्यंत कुणा गर्भवतीने तो खाल्लेला असू शकतो.

बटणच बंद करणारं औषध का नाही?

आधी चुकीचं बटण दाबलं जाण्याचं एक उदाहरण. ओ१५७ सारख्या ई. कोलायचं शिगा विष आतड्यातून रक्तात जाऊन मूत्रपिंडं निकामी करू शकतं. या विषाचं जनुक मुळात जीवाणूचं नाही, त्याच्या डीएनएत दडून बसलेल्या विषाणूचं आहे. जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की धोक्याची यंत्रणा वाजते, विषाणू जागा होतो, विष बनतं आणि जीवाणू फुटून ते बाहेर पडतं. काही प्रतिजैविकं नेमकी हीच इजा करतात. म्हणून रक्ती जुलाबात असा संसर्ग असण्याची शंका आली तर डॉक्टर प्रतिजैविकं देणं सहसा टाळतात. अशा वेळी घरात उरलेली गोळी आपल्या मनाने घेणं खरोखर जिवावर बेतू शकतं.

जीवाणूला न मारता फक्त हत्यार म्यानात ठेवायला लावायचं, या दिशेने संशोधन चालू आहे. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये पीआरएफएला चिकटून त्याचं काम मंदावणारी संयुगं दाखवली. ती दिल्यावर पेशींमध्ये शिरणाऱ्या लिस्टेरियांचं प्रमाण घटलं, मात्र जीवाणूंची वाढ थांबली नाही. वाढ थांबत नाही, म्हणून औषधाला दाद न देणारे वाण निवडले जाण्याचा दबाव कमी राहील अशी आशा आहे. पण याच कारणाने अशी औषधं शरीराच्या प्रतिकारशक्तीवर जास्त अवलंबून राहतील, कारण नि:शस्त्र झालेल्या जीवाणूंना संपवायचं काम तिलाच करावं लागेल. आणि लिस्टेरियाच्या रुग्णांत नेमकी तीच कमी पडत असते. म्हणून आज लिस्टेरियाच्या रुग्णाला अँपिसिलिनसारखी जुनी प्रतिजैविकंच देतात, आणि ती लवकर सुरू होण्यावर बरंच काही अवलंबून असतं.